सुतळीचा धुरा

३ मार्च

मागच्या आंगणाचं या वर्षी करायचंच, असं ठरलं. घर बांधून इतकी वर्षं झाली, मागे अजून बांधकामाचंच राज्य. उरलेल्या विटा, रेतीचा ढीग (त्यात शेजारच्या मांजरी), गंजलेला कूलर, टिनाचे पत्रे, प्रमोदची कॉलेजातली सायकल. आपल्या हॉलपेक्षा मोठी जागा आहे ती. आणि आपण तिथं जातो फक्त कपडे वाळत घालायला.

प्रमोद म्हणाला, "करू ना. पण आधी बाबांचं पाहू."

बाबांचं म्हणजे मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, गावाहून इथं पुसदला आणायचं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून गावी एकटेच. मागल्या महिन्यात न्हाणीत पाय घसरून पडले, दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. वावर यंदा मक्त्यानं दिलं. मागची खोली रिकामी आहे, तिचं दार आंगणातच उघडतं. मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

पण पेव्हर ब्लॉक, झोका आणि वर हिरवी नेट. हे माझं. इथं लिहून ठेवते.

९ मार्च, रवि.

मिस्त्री टेप लावून गेला. म्हणे, "मॅडम, पूरे में ब्लॉक डाल देते, मट्टी की किटकिट खतम." कधी, तर लग्नसराई झाली की. म्हणजे धरून चालू की मे.

दिवसभर ऊन कुठून कुठं जातं ते पाहत बसले. सकाळी सगळं आंगण उन्हात. बारा ते तीन उभं राहवत नाही. मग घराचीच सावली मागे सरकायला लागते आणि मी शाळेतून येते तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पोचलेली असते. इतकी वर्षं ही सावली फुकट गेली. चहा घ्यायचा हॉलमध्ये, टीव्हीकडे तोंड करून.

१६ मार्च

मामाजी आले. एक पेटी, बाज, खुरपं, कुदळ आणि पोत्यात काय म्हणून पाहिलं तर शेणखत. प्र. म्हणाला, खत कशाला आणलं. मामाजींनी पोतं भिंतीला टेकवलं. खोली पाहिली, पंखा लावून पाहिला, बंद केला. मग मागचं दार उघडून उंबऱ्यावर उभे राहिले.

"एवढी जागा पडीत काहून ठेवली?"

"पडीत नाही मामाजी. ब्लॉक टाकणार आहोत. बसायला."

"बसाले घरात जागा नाई का?"

मी चहा ठेवायला आत गेले.

२४ मार्च

शाळेतून आले तर विटा भिंतीला लागून ओळीनं रचलेल्या. रेती पत्र्याखाली झाकलेली. मामाजी बनियनवर, डोक्याला दुपट्टा, कूलरचा सांगाडा ओढून राहिलेले. प्र. ऑफिसातून आल्यावर चिडला. पडले असते म्हणजे. मामाजी म्हणाले, "पडलो तं पडलो. मातीत पडलो अस्तो."

मला मनातून बरं वाटलं, विटांचं काम झालं म्हणून. ते त्यांना बहुतेक कळलं. जेवताना मला दोनदा पाणी विचारलं, एरवी बघतही नाहीत माझ्याकडे.

३० मार्च, रवि.

आज वाटाघाटी. मामाजींना सगळ्या आंगणात भाजी लावायची. मला सगळ्यात ब्लॉक. प्र. मध्ये, पेपर घेऊन. शेवटी तोच म्हणाला, अर्धं अर्धं करा आणि विषय संपवा.

नळाच्या तोटीपासून कपड्यांच्या दोरीच्या खांबाच्या बुडाशी असलेल्या आडव्या दांडीपर्यंत सुतळी बांधली. प्र.नं टेपनं मोजलं, मामाजींनी पावलांनी. दोघांचं जुळलं. भिंतीकडचं मामाजींचं, घराकडचं माझं. मामाजींनी सुतळी बोटानं ताणून पाहिली आणि म्हणाले, "हा धुरा. आता कोनी हालवाचा नाई."

प्र.चा चेहराच उतरला. टेप गुंडाळून आत गेला तो बाहेर आलाच नाही.

धुरा हा शब्द या घरात कोणी काढत नाही. दोन वावरांच्या मधला तो हातभर पट्टा. त्याच्यावरून मामाजी आणि त्यांचे मोठे भाऊ किसनराव यांचं बोलणं बंद. माझं लग्न व्हायच्या आधीपासून. कोर्टकचेरी झाली, मोजणी झाली, तरी बंद ते बंदच. गावात दोन गल्ल्या सोडून घर आहे, मी एकदाही गेलेली नाही. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी हळदीकुंकवाला कुठं कुठं जायचं ते सांगितलं, त्यात ते घर नव्हतं. मी विचारलंही नाही.

१४ एप्रिल

ऊन असह्य. मामाजी पहाटे उठून खणतात, आठला आत येतात. माझ्या अर्ध्यात काही नाही. एक खुर्ची.

स्वयंपाकघरातलं तांदूळ-डाळीचं पाणी बादलीत साठवायला सांगितलंय. नळ एक दिवसाआड, तोही कधी येतो कधी नाही, त्यामुळे बरोबरच आहे. भांडी राखेनं घासली तर तेही पाणी चालेल म्हणाले. ते मात्र होणार नाही, असं मी सांगितलं. "बरं," म्हणाले. विषय संपला. सासूबाईंशी असे बोलले असते का माहीत नाही.

लेकीचा, ऋचाचा, नागपूरहून फोन. आजोबा कसे आहेत. म्हटलं, कामात आहेत.

११ मे

मिस्त्री फोन उचलत नाही. उचलला तेव्हा म्हणाला बारिश के बाद.

नेट मात्र मीच आणली. प्र.नं आणि मी गच्चीच्या कठड्यापासून खांबापर्यंत ताणून बांधली, माझ्या अर्ध्यावर. मामाजी पलीकडून सूचना देत होते. जोरात बांधू नका, वाऱ्यानं फाटते. जोरात बांधली. संध्याकाळी वादळ आलं आणि फाटली. पुन्हा बांधली, सैल.

आज पहिल्यांदा चहा बाहेर. ब्लॉक नाहीत, झोका नाही, खाली माती. प्लास्टिकची खुर्ची, बाजूला विटांवर फळी टाकून टेबल. तरी बरं वाटलं. मामाजी त्यांच्या बाजूला विटेवर बसून चहा प्यायले. सुतळी मध्ये.

२२ जून

पेरणी झाली म्हणे. आंगणातली. भिंतीला लागून तूर, मग भेंडी, गवार, अंबाडी. कोपऱ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा मांडव, त्यावर वाल आणि दोडका चढवायचा. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून मिरच्या. आणि मधे कपाशीची दोन झाडं.

"कपाशीचं काय करणार मामाजी?"

"काई नाई. पाह्याले."

प्र. घरातून ऐकत होता. हसला. खूप दिवसांनी.

६ जुलै

सुतळी हलली आहे.

आधी वाटलं मला भास होतोय. पण माझी खुर्ची नेहमी फळीला टेकून असते आणि फळीपासून सुतळी हातभर लांब होती. आता वीतभर. खांबाकडची गाठ दांडीवरून सरकवलेली दिसते, गाठ नवी आहे. पलीकडे गवारीची एक नवी ओळ.

विचारावं का. कसं विचारणार. पंच्याहत्तरीच्या माणसाला म्हणायचं की तुम्ही सुतळी सरकवली.

नाही विचारलं.

८ जुलै

शाळेत जायच्या आधी, मामाजी अंघोळीला गेले तेव्हा, मीच गाठ सोडून मागं बांधली. गवारीची ओळ माझ्या हद्दीत आली. उपटली नाही.

२० जुलै, रवि.

पुन्हा पुढे. मी पुन्हा मागे. कोणी एक शब्द बोलत नाही. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का, पाऊस कसा आहे, सगळं नेहमीसारखं. कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते आणि घरी सकाळी सुतळीची गाठ सोडते.

आज प्र. आंगणात आला, डोळे बारीक करून म्हणाला, "ही सुतळी तिरपी का दिसते?"

मामाजी तुरीकडे पाहत राहिले. मी कपडे काढत होते. म्हटलं, "वाऱ्यानं."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असं वाटलं.

२८ जुलै

आज समोरासमोर. मी सकाळी खांबाशी वाकलेली, आणि मामाजी मागच्या दारात, टॉवेल खांद्यावर. अंघोळीला गेलेलेच नव्हते.

मी गाठ हातात धरून तशीच. त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. मग खाली विटेवर बसले.

"तू बी लय चिवट हाय."

"सुरुवात तुम्ही केली मामाजी."

"होय, म्याच केली." थोडं थांबून म्हणाले, "सवय हाय. हात जाते तिकडं. पेरता पेरता अर्धा तास इकडं सरकते मानूस. त्याले बी कळत नाई."

तास म्हणजे नांगराची रेघ, हे मला विचारावं लागलं.

मग आपणहून बोलले. किसनराव पावसाळ्याआधी धुऱ्याचं गवत काढायचे, त्यात मातीही निघायची. एका साली बोराचं झाड तोडलं. मामाजींच्या म्हणण्याप्रमाणे झाड अर्धं त्यांचं. त्यावरून वावरातच हातघाई. पुढे कोर्ट. मोजणीवाला आला, खुंट्या ठोकून गेला, दुसऱ्या साली खुंट्या जागेवर नाहीत.

"मग तुमचं किती गेलं?" मी विचारलं.

"धुरा एकटा कोनी कोरत नसते, शुभांगी."

गाठ मी कुठं बांधली? होती तिथंच. पुढची. उशीर झाला होता शाळेला.

१० ऑगस्ट

वानरं आली. दुपारी कळपच. मी घरी होते, सुट्टी. गच्चीवरून नेटवर, नेटवरून मांडवावर. मांडव खाली. वालाचे कोवळे वेल ओरबाडून अर्धे खाल्ले, अर्धे फेकले. मामाजी काठी घेऊन धावले, मी ताट वाजवत. एक मोठं वानर माझ्या खुर्चीवर बसून दोडका खात होतं. जाईना. मामाजींनी त्याला शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

गेल्यावर दोघं खाली बसलो. मांडव मोडलेला, नेटला भोक. मामाजींना धाप लागली होती. मी पाणी आणलं. म्हणाले, "गावात अशी वानरं आली की दादा त्याच्या वावरातल्या माळ्यावरून हाका मारे. मंग मी इकडून पिटाळो, थो तिकडून."

"बोलणं बंद असताना पण?"

"वानराले काय मालूम बोलनं बंद हाय."

प्र.ला हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही. आणि सांगितलं असतं तर तो उठून गेला असता.

३१ ऑगस्ट

मांडव नवा. या वेळी तारेचा, माझ्या बाजूच्या खांबालाच बांधला, कारण तो एकच मजबूत आहे. त्यामुळे दोडका आता माझ्या हद्दीवर लोंबतो. नेटचं भोक वेलानंच झाकलं. खाली सावली दाट झाली, दुपारीसुद्धा बसता येतं. चाचणीचे पेपर तिथंच तपासले. मामाजी अंबाडी खुडून माझ्या फळीवर ठेवतात, पेपरांवर. माती लागते. मुलांना काय सांगणार.

शाळेतल्या जोशीबाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, ब्लॉक कशाला टाकता, हे किती छान आहे. मला राग आला. छान आहे, पण मला झोका हवा होता तो होताच ना.

१४ सप्टें.

छायाचा फोन. मी ओळखलंच नाही. "वहिनी, मी छाया. किसनरावांची सून." माझा नंबर ऋचाच्या मैत्रिणीकडून मिळवला म्हणे. किसनराव अंथरुणावर आहेत. अन्न जात नाही. यवतमाळला दाखवलं, डॉक्टर म्हणाले घरी न्या. "एकसारखे काकांचं नाव घेऊन राह्यले. मी सांगाचं काम केलं, बाकी तुमी पाहा."

प्र.ला चहाबरोबर सांगितलं. कप ठेवला त्यानं.

"आई गेली तेव्हा त्या घरचं एक माणूस आलं होतं का? एक?"

"मामाजींना सांगायला तर हवं."

"काही गरज नाही. मले नाही पाहिजे हे सगळं परत घरात." चिडला की प्र. गावच्या बोलीत येतो.

त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. सासूबाईंच्या तिरडीमागे सगळा गाव होता आणि सख्खा दीर नव्हता. प्र. तेव्हा दारात उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत. मी आत बायकांत होते.

१५ सप्टें.

मामाजींना सांगितलं. प्र. ऑफिसात गेल्यावर. भेंडी तोडत होते. हात थांबला नाही. सगळी ओळ तोडून झाली.

"अन्न जात नाई म्हंते?"

"हो."

"त्याले दोडका आवडे," म्हणाले आणि आत गेले.

२८ सप्टें., रवि.

मामाजी विषय काढत नाहीत. प्र. काढत नाही. आंगणात खूप आलंय, शेजारी वाटूनही उरतं. मामाजी मोठा दोडका एक ठेवून देतात, बियांसाठी, मग दोन दिवसांनी तोडून आणतात, पुन्हा दुसरा ठेवतात. हे त्यांच्यासारखं नाही.

संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले तर माझ्या खुर्चीवर बसलेले. उठायला लागले. म्हटलं, बसा. मी विटेवर बसले.

"प्रमोदले नाई चालनार," ते म्हणाले.

"त्याला नाही चालणार."

"मंग?"

मी म्हटलं, चहा गार होतोय. पण उत्तर दिल्यासारखंच झालं.

७ ऑक्टो.

प्र. मीटिंगसाठी यवतमाळला, सकाळीच गेला. मी किरकोळ रजा टाकली. मामाजी तयार होऊन बसले होते, धोतर, टोपी, पिशवी. मी काही ठरवलं म्हणून सांगितलं नव्हतं.

बसनं महागाव, तिथून ऑटो. सोयाबीनची मळणी सगळीकडे चालू, धूळ. आपल्या वावराजवळून ऑटो गेला तेव्हा मामाजींनी मान वळवून पाहिलं. कापूस फुटायला लागलाय. "बरं हाय," एवढंच.

छाया दारातच. पाया पडली, रडली. किसनराव ओसरीवर बाजेवर. अंगावर काही राहिलं नाही, नुसत्या काड्या. डोळे मिटलेले.

छाया त्यांच्या कानाशी म्हणाली, "मामाजी, काका आले."

"कोन?"

मामाजी उंबऱ्यातच उभे. मी मागं.

"मी हाव," मामाजी म्हणाले.

डोळे उघडले. पाहत राहिले. मग बाजेवर हात आपटून म्हणाले, "बस."

मामाजी बसले. पिशवीतून दोडके काढले आणि बाजेवर ठेवले, त्यांच्या हाताजवळ. किसनरावांनी चाचपून पाहिले. शिरांवरून बोट फिरवलं.

"कोठचे?"

"घरचे. पुसदचे."

"तेथी वावर हाय का तुले?"

"हाय ना. येवढं." मामाजींनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"धुऱ्याले कोन हाय?"

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. "हे."

किसनराव हसले की खोकले ते कळलं नाही. छायानं पाणी पाजलं. ते गेलं. दोन घोट.

मी छायाबरोबर स्वयंपाकघरात गेले. तिनं चुलीवर दोडका चिरून टाकला, नुसता मिठाचा, मऊ. चिरता चिरता म्हणाली, "वहिनी, एक सांगू का. काकूच्या मयतीले आमचे मामाजी आलते. गल्लीच्या तोंडापर्यंत. प्रमोदभाऊ दारात उभे होते. ते पाहून मांगंच फिरले. घरी येऊन जेवले नाई."

बाहेर दोघांचं काय बोलणं चाललं होतं ऐकू आलं नाही. पाणी, पाऊस, कोणाचा तरी बैल. डोकावून पाहिलं तर किसनराव झोपलेले आणि मामाजी त्यांच्या पायाशी बसून आंगणाकडे बघत.

निघायची वेळ झाली. म्हटलं, "मामाजी, शेवटची बस."

"तू जाय. मी राह्यतो आज."

ही गोष्ट मी धरलेली नव्हती. त्यांची गोळी पर्समध्ये होती, ती छायाला समजावून दिली. एकटी परत आले.

प्र. माझ्या आधी पोचला होता. आंगणात उभा. "बाबा?"

सांगितलं. काही ओरडला नाही. आत गेला, हातपाय धुतले, बाहेर आला. मग मी छायाचं तेही सांगितलं, गल्लीच्या तोंडाचं. सांगावं की नाही हे बसमध्ये ठरत नव्हतं. सांगून टाकलं.

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "माहीत आहे मले. मी पाहिलं होतं त्यांना."

"मग हाक का नाही मारली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "आई तिथं पडली होती, शुभा."

८ ऑक्टो.

शाळा. छायाचा फोन मधल्या सुट्टीत. मामाजी सकाळी स्वतः भरवतात म्हणे. दोन चमचे भात गेला. परत कधी येणार विचारलं तर म्हणतात, पाहू.

प्र.ला सांगितलं. हूं म्हणाला. मामाजींची भेंडी त्यानंच तोडली. जून झालेली पण तोडली, कोणती ठेवायची ते माहीत नाही त्याला.

१० ऑक्टो.

मिस्त्री दारात. पाऊस संपला, काम सुरू करू का. कुठपर्यंत टाकायचे ब्लॉक, विचारत होता. दिवाळीनंतर या म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, फिर दिवाली के बाद शादियाँ. म्हटलं, असू द्या.

प्र. आणि मी संध्याकाळी बाहेर बसलो. तो विटेवर. लहानपणी तो किसनरावांच्या खांद्यावर बसून बाजाराला जायचा, हे आज पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांत कधी नाही. मग मांडवाची तार ताणत बसला.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी छायाचा फोन. रात्र बरी नाही गेली. फार सांगता येत नाही म्हणाली. मामाजी बाजेजवळच आहेत, उठत नाहीत.

प्र. बाजूलाच होता, ऐकलं. त्यानं दाढी केली. शर्ट बदलला, पुन्हा बदलला. मग पिशवी शोधायला लागला. मी दिली. आंगणात जाऊन एकच दोडका तोडला, कोवळा, बरंच शोधून.

"बाबांना आणायला चाललास?"

"पाहतो," म्हणाला. गाडीची किल्ली घेतली. फाटकातून परत आला, मामाजींची शाल नेली. सकाळी थंडी पडायला लागलीय तिकडे.

दुपारी फोन लावला, लागला नाही. गावात रेंज नसते. छायाचा वाजतो, कोणी उचलत नाही. यातून काहीही निघू शकतं.

कपडे काढले. मामाजींच्या ओळींना पाणी दिलं. आता दिवस कलला आहे. कणीक किती भिजवावी कळेना. तिघांची भिजवली.